वीतभर पांढरे

"थांबवा रं नवरदेवाला! वाईच थांबवा!" कोंडीबा परीट दोन्ही हात वर करून ओरडला, पण सनई-ताशांच्या कल्लोळात त्याचा आवाज त्याच्याच कानापर्यंत कसाबसा पोचला.

नवरदेव घोड्यावरून उतरला होता तिथपासून मांडवाच्या दारापर्यंत कोंडीबाने पायघड्या अंथरल्या होत्या. दोन दिवस भट्टीत उकळून, कृष्णेच्या वाहत्या पाण्यात खळबळून आणि निळीचा अगदी पुसट हात देऊन काढलेले ते कापड होते. नेमक्या त्याच घटकेला नदीपलीकडच्या साखर कारखान्याच्या धुराड्याने काळा लोट ओकला. वारा गावाकडे होता. पाहता पाहता काजळीच्या पापुद्र्यांची भुरभुर सुरू झाली आणि त्या पांढऱ्या वाटेवर तीळ सांडावेत तशी ती पसरत गेली.

कोंडीबाची बायको सुलाबाई गुडघे टेकून कापडावर फुंकर घालू लागली. काजळी पुसायची नसते. पुसली की ती धाग्यात शिरते. ती फुंकरीनेच उडवावी लागते. चौथ्या फुंकरीला तिला खोकल्याची उबळ आली. ती तशीच हातांवर ओणवी झाली, आणि तिच्या डोळ्यांदेखत नवरदेवाचे पाऊल पडून पायघडीवर पहिला काळा ठसा उमटला.

"परटा, पायघड्या घातल्यास का चुलीचं पोतेरं रं?" इस्लामपूरहून आलेल्या वऱ्हाडातला एक फेटेवाला म्हणाला. हशा पिकला.

नवरीचे वडील आप्पासो कारखान्याचे चेअरमन होते. त्यांनी कोंडीबाकडे पाहिलेदेखील नाही. मिशीतल्या मिशीत हसत ते व्याह्यांना म्हणाले, "पाव्हणं, ही काजळी न्हवं, लक्ष्मी हाय. हिच्या आधी आमच्या उसाला गुऱ्हाळाबिगर वाट न्हवती."

लोक पुन्हा हसले. मात्र या वेळच्या हसण्यात आदर होता.

मांडवाच्या खांबाला टेकून उभा असलेला एक तरुण तेवढा हसला नाही. त्याने वाकून कापडावरचे चार-दोन पापुद्रे लग्नपत्रिकेवर घेतले, पुडी केली आणि खिशात ठेवली. तो आकाराम. याच गावच्या, कुरणवाडीतल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. सांगलीला रसायनशास्त्र शिकला आणि गेल्या वर्षी कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. वऱ्हाड मांडवात शिरले, तेव्हा ठसे उमटलेले ते लांबलचक कापड कोंडीबा एकटाच गुंडाळत होता. सुलाबाई कडुनिंबाखाली बसून श्वासाची वाट पाहत होती.

लग्नानंतरच्या सोमवारी कोंडीबाने तिला मिरजेला नेले. डॉक्टरांनी तिची छाती बोटांनी वाजवून पाहिली, पाठीला नळी लावली आणि फोटो उजेडापुढे धरला.

"धूर फार गेलाय आत," शेवटी ते म्हणाले. "आयुष्यभराचा आहे, आणि त्यात आता नवा. गेलेलं परत आणता येणार नाही. आहे तेवढं राखायचं असेल तर यांना धुरापासून लांब ठेवा."

"लांब म्हंजी कुठवर, डाक्टर?"

डॉक्टरांनी मान खाली घालून औषध लिहिले. परतीच्या एस.टी.त सुलाबाई खिडकीशी बसली होती. दोन्ही बाजूंना उसाचे हिरवे फड वाऱ्यावर डोलत होते आणि त्यांच्या टोकाला, जिथे जावे तिथे मागे येणाऱ्या माणसासारखे, ते धुराडे उभे होते. ती म्हणाली, "आवं, तुमी कशाला इचारलंसा त्यास्नी? कावरंबावरं झालं की बिचारं."

कोंडीबा हसला. मग तोंड वळवून तो दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी आकाराम सायकल ढकलत नदीकाठच्या वाळवणाच्या माळावर आला. कोंडीबा दोरीवरच्या धोतराला फुंकर घालीत होता.

"कोंडीतात्या, एक काम हुतं तुमच्याकडं."

"बोला की बापू. सदरा टाकायचाय?"

"सदरा न्हाई. तुमी रोज एक कापडाचा तुकडा टांगायचा. वीतभर लांब, वीतभर रुंद. रोज त्याच जागी, त्याच उंचीवर. आज टांगला की उद्या त्याच वक्ताला काढायचा आन् दुसरा लावायचा."

"आन् त्येनं काय हुणार?"

"त्यावर किती काजळी पडली ती मी मोजणार. धुराड्यात पाण्याचा पडदा बशिवता येतो, तात्या. धूर त्या पडद्यातनं गाळून वर सोडायचा. काजळी पाण्याबरूबर खाली बसती. बाहेरच्या देशांत हाय तसं, पुस्तकात चित्र हाय त्येचं. पर मी नुसतं सांगितलं तर आप्पासो म्हणत्यात, पोरा, तुला काजळी दिसती, आमाला साखर दिसती. आकडा दाखवला तर मीटिंगम्होरं विषय तरी यील."

"पडदा बसला तर मग धूर कमी हुईल?"

"हुईल."

कोंडीबाने झोपडीकडे पाहिले. आतून खोकल्याचा आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता. "मग मोजूया," तो म्हणाला.

त्याने एक जुने धोतर फाडून चौकोन केले. काजळी चिकटून राहावी म्हणून आकारामच्या सांगण्यावरून प्रत्येकाला एरंडेलाचा पुसट हात लावला. भट्टीपासून दूर, बाभळीच्या एका खांबावर चौकट ठोकून त्यात रोजचा तुकडा ताणून बसवायचा, असे ठरले. प्रश्न होता तारखेचा. कोंडीबाला अक्षर येत नव्हते. पण गावातल्या एकशेचाळीस घरांची कापडे तो कधी चुकला नव्हता; प्रत्येक घराची खूण त्याने बिब्ब्याने कापडाच्या कोपऱ्यात घातलेली असे, आणि बिब्ब्याची खूण कापडाबरोबरच मरते. तीच विद्या त्याने इथे वापरली. तिथीचे तेवढे ठिपके. वद्य पक्ष असेल तर त्यांखाली एक आडवी रेघ. आणि वारा जिकडून असेल तिकडे वळलेली एक शेपटी. आकाराम त्या खुणा पाहून थक्क झाला.

"तात्या, हे तर लय भारी झालं. माझ्या प्रयोगशाळेतबी असलं न्हाई."

"त्यात काय, बापू? तुमच्या घरची खूण दोन ठिपकं आन् कोयता हाय. तुमी जन्मलासा तवा दुपट्यावर म्याच घातली हुती."

रोज संध्याकाळी, दिवस असतानाच, आकाराम येई. पुठ्ठ्याला रुपयाएवढे भोक पाडलेले होते. तो पुठ्ठा तुकड्यावर पाच जागी ठेवून तो भिंगातून काळे कण मोजी आणि वहीत आकडा लिही. कोंडीबा शेजारी उकिडवा बसून ऐके. हळूहळू त्याला आकड्यांची गोडी लागली. वारा नदीवरून असला की आकडा चढे. ज्या दिवशी दुपारी पाळी बदलताना बॉयलरच्या नळ्या झाडल्या जात, त्या दिवशी तो आणखी चढे. एकदा बॉयलर बिघडून दोन दिवस धुराडे बंद राहिले, तेव्हा तुकडा जवळजवळ कोरा निघाला. आणि त्या दोन दिवसांत सुलाबाई अंगणात बसून जोंधळे निवडीत होती, हे कोंडीबाने कुणी न सांगता मनात टिपून ठेवले.

एके दिवशी त्याने स्वतःहूनच एक जास्तीचा तुकडा आपल्या भट्टीशेजारी टांगला. संध्याकाळी तो आकारामपुढे धरताना त्याचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता. तुकडा करडा पडला होता.

"ह्यातलं आपलं किती, बापू?"

आकारामने तुकडा उलटून पाहिला. "ह्यो धूर कारखान्याच्या मानानं थोडा हाय, तात्या. पर जवळचा हाय."

तीस वर्षे त्या भट्टीच्या तोंडाशी बसून फुंकणीने जाळ फुलवणारी बाई कोण होती, हे दोघांनाही ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी कोंडीबाने भट्टी मोडून माळाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओढ्याच्या उतारावर रचली आणि सुलाबाईला तिकडे फिरकू दिले नाही. "मला काय राजाची रानी केलीसा व्हय?" ती कुरकुरली. पण बोलताना तिला मध्ये दोनदा थांबावे लागले.

चैत्रात गळीत हंगाम संपला. खांबावर त्रेसष्ट तुकडे लागून उतरले होते. आकारामने आपल्या जुन्या प्राध्यापकांना पत्र लिहिले आणि त्यांच्या ओळखीने पुण्याच्या एका प्रयोगशाळेतले साहेब बैठकीला यायला तयार झाले. बैठकीच्या दोन दिवस आधी आकाराम सायकलवरूनच ओरडून गेला, "तात्या, परवा समदी कापडं घिऊन या! पुण्याचं सायेब येणार हायती. चेअरमन, डायरेक्टर, समद्यांच्या म्होरं मांडायची हायत!"

"आणतो की!" कोंडीबा म्हणाला. त्याची छाती भरून आली.

त्या रात्री त्याने जेवताना सुलाबाईला सारे सांगितले आणि पहाट होताच तो कामाला लागला. उतरवलेले तुकडे बांधून ठेवलेली गाठोडी त्याने सोडली. एरंडेलाने मेणचटलेले, काळे, करडे, वास मारणारे ते तुकडे पाहून त्याला शिसारी आली. त्यांवरचे कण मोजून झाले होते. आकडे वहीत गेले होते. काजळीचे काम संपले होते; आता कापडाचे काम उरले होते, आणि ते पुण्याच्या साहेबांपुढे जाणार होते. सात पिढ्यांत परटाच्या घरातून मळके कापड कुणाच्या हाती गेले नव्हते. मयताचे असो, बाळंतिणीचे असो, गावच्या पाटलाचे असो की त्याच्या गड्याचे. परटाने द्यायचे ते धुऊनच द्यायचे.

त्याने ओढ्याकाठची भट्टी पेटवली. सोड्याच्या पाण्यात त्रेसष्ट तुकडे उकळले. तेल सुटेना, तेव्हा पुन्हा भट्टी लावली. नदीत गुडघाभर पाण्यात उभे राहून एकेक तुकडा हाताने चोळला. दगडावर आपटला तर बिब्ब्याच्या खुणेपाशी झिजेल म्हणून आपटला नाही. हंगाम संपल्यामुळे आकाश धुतल्यासारखे होते. किती तरी महिन्यांनी त्या माळावर खरोखरीचे पांढरे वाळत पडले होते. संध्याकाळी कांजी देऊन, इस्त्री फिरवून त्याने ते चवडीत रचले. सुलाबाई भिंतीला टेकून पाहत होती.

"कशी दिसत्यात?" त्याने विचारले.

"लक्क," ती म्हणाली. तेवढ्या एका शब्दासाठी तिने दोनदा श्वास घेतला.

कारखान्याच्या सभागृहात टेबलाभोवती डायरेक्टर बसले होते. मध्यभागी आप्पासो, त्यांच्या उजव्या हाताला पुण्याचे साहेब, पन्नाशीचे, बारीक चणीचे, खादीच्या सदऱ्यातले. आकारामने वही उघडून आकडे वाचले. कुणी जांभई दिली, कुणी चहाची बशी खाली ठेवली.

"आकडे मी माझ्या मनाने लिहिले असं कुणाला वाटू नये," आकाराम म्हणाला, "म्हणून ती कापडंच आणली आहेत. आपण आपल्या डोळ्यांनी पाहा. कोंडीतात्या, सोडा गाठोडं."

कोंडीबा पुढे आला. टेबलाला हात न लावता त्याने गाठ सोडली आणि चवड मधोमध ठेवली.

जाईची फुले ओतावीत तसे ते दिसले. इस्त्रीच्या घड्या सुरीच्या धारेसारख्या होत्या. आकारामने वरचा तुकडा उचलला, खालचा उचलला, मधला ओढून काढला. त्याच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरत गेले. कोंडीबाला प्रथम वाटले, एखाद्या तुकड्यावर डाग राहिला की काय. मग आकारामने त्याच्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात राग नव्हता म्हणूनच कोंडीबाला एकदम सगळे समजले.

"आकाराम," आप्पासो अगदी मायेने म्हणाले, "ह्योच का रं तुजा पुरावा? आमच्या धुराड्याखाली कापडं अशी वाळत असतील तर आनी काय पायजेल? कोंडीबा, लेका, आमच्या पोरीच्या लग्नात अशी का न्हाई धुतलीस?"

हशाने सभागृह दणाणले. एक डायरेक्टर तर डोळे पुसू लागला. विषय पुढे सरकला. उसाच्या तोडणीचा, मग मळीच्या टाकीचा. पाण्याच्या पडद्याचे नाव पुन्हा निघाले नाही. पंधरवड्याच्या आत आकारामची बदली प्रयोगशाळेतून वजनकाट्यावर झाली.

पण त्या दिवशी, बैठक सुटल्यावर, कोंडीबा पायरीवर गुडघ्यांत डोके घालून बसला होता, तेव्हा कुणीतरी शेजारी येऊन बसले. पुण्याचे साहेब होते. त्यांच्या हातात एक पांढरा तुकडा आणि आकारामची वही होती.

"हे ठिपके, ही शेपटी, ही खूण तुमचीच ना? एवढं धुऊनही ती गेली नाही?"

"बिब्बा हाय, सायेब. कापड फाटंल, पर बिब्बा जायाचा न्हाई." कोंडीबाने मान वर केली नाही. "माजी अक्कल गेली तेवढी."

"मी सगळे तुकडे वहीशी ताडून पाहिले. तिथी, वारा, एकही चूक नाही. माझा तुमच्यावर विश्वास बसला." साहेबांनी वही मिटली. "पण माझा विश्वास बसून भागत नाही. ज्याचा बसायचा नाही, त्याच्यापुढे ठेवता आलं पाहिजे. पुढच्या हंगामात पुन्हा करा. एकही दिवस न चुकवता. आणि न धुता."

"आन् पुढल्या वर्सी बी ते हसलं तर?"

साहेबांनी मान वर करून पाहिले. समोर, आवाराच्या टोकाला, विझलेले धुराडे उन्हात तापत होते.

"काजळी जड असते, कोंडीबा. ती खाली पडते, म्हणून तुम्हाला दिसते. धुराचा दुसरा भाग हलका असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो वरच राहतो. सगळ्या जगातल्या धुराड्यांचा तो भाग वर साठत चाललाय. त्यानं हळूहळू पृथ्वी तापेल, पाऊस आपल्या वेळा सोडेल, असं आमच्यातले काही लोक म्हणतात."

"बहात्तरच्या दुष्काळात सोडल्याच की त्यानं."

"बहात्तरचं मी सांगू शकत नाही. एका वर्षावरून काही म्हणता येत नाही. म्हणून तर मोजायचं. दूर समुद्रात एका बेटावर डोंगर आहे. तिथं सोळा वर्षं झाली, माणसं रोज हवा मोजतात. दर वर्षी आकडा मागच्यापेक्षा थोडा वर."

"कमी कवा झाला?"

"अजून तरी नाही."

"मग सोळा वर्सं कशापायी मोजत्यात, सायेब? त्यास्नी बी घरी बायकापोरं असतीलच की."

साहेब हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. "विलायतेच्या राजधानीत, मी तरुण असताना, एका हिवाळ्यात धुरानं हजारो माणसं मेली. आधी तिथंही कुणी मानलं नाही. धुकं आहे म्हणाले, थंडी आहे म्हणाले. मग कुणीतरी आकडे पुढे ठेवले. कायदा झाला, चुली बदलल्या, कोळसा बदलला. मी गेल्या वर्षी तिथं गेलो होतो. नदीवर स्वच्छ ऊन पडलं होतं. माणसानं केलेलं माणसाला आवरता येतं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"किती वर्सं लागली?"

"वीस-एक."

कोंडीबाने मनातल्या मनात एका बाईच्या श्वासांशी त्या वर्षांचा मेळ घालून पाहिला. तो बसेना. तरी तो उठला, साहेबांच्या हातातला तुकडा घेऊन त्याने त्याची नीट घडी घातली आणि म्हणाला, "कार्तिकात धुराडं पेटतंय. त्याच दिसापासनं लावतो."

कार्तिकात धुराडे पेटले. कोंडीबाने खांबावर पहिला तुकडा ताणला. आता तुकडा उतरला की तो न झाडता, न दुमडता, दोन कागदांमध्ये ठेवून पत्र्याच्या पेटीत जाई. आकाराम वजनकाट्यावरची पाळी संपवून येई आणि मोजी. आपल्या घरात इतकी मळकी कापडे जपून ठेवलेली पाहून कोंडीबाला पहिले काही दिवस झोप लागत नसे. पुढे तेही अंगवळणी पडले.

सुलाबाई मात्र त्या हंगामात अंगणात आली नाही. ती उशाला वाकळांचा ढीग लावून बसूनच झोपे. पौषात एके दिवशी उजाडता उजाडता तिने विचारले, "तुकडा बदलला का?"

"अजून वक्त व्हायचाय."

"इसरू नगा," ती म्हणाली. मग तिने श्वास घेतला, आणि तो सोडण्याची वाट पाहत कोंडीबा बराच वेळ तिचा हात धरून बसला.

गावची स्मशानभूमी नदीकाठी, वाळवणाच्या माळाला लागूनच होती. दहाच्या सुमारास सरण पेटले. लाकडे ओली होती. धूर आधी सरळ वर गेला, मग वाऱ्याने कलला आणि माळावरून, मोकळ्या दोऱ्यांवरून, बाभळीच्या खांबावरून गावाकडे सरकत गेला. कोंडीबा मडके फोडून परत फिरला, तेव्हा त्याने एकदा त्या खांबाकडे पाहिले.

गावातल्या प्रत्येक घरचे सुतक त्याने धुतले होते. मयताच्या घरची कापडे परटाने न्यायची, धुऊन आणायची, तेव्हा ते घर पुन्हा माणसांत येते. पण परटाच्या घरचे सुतक कोण धुणार? ते धुवायला उंब्रजहून सुलाबाईचा धाकटा भाऊ सिद्धू आला होता. तोही परीटच. दुपार कलल्यावर त्याने डोळे पुसत पुसत घरातली सगळी कापडे गोळा केली: बहिणीची लुगडी, वाकळा, कोंडीबाचे धोतर, मुंडासे. मग तो माळावर गेला आणि खांबावरच्या चौकटीला त्याने हात घातला.

"त्येला शिवू नगंस!" कोंडीबा दारातून ओरडला. दिवसभरात त्याच्या तोंडून निघालेला तो पहिलाच मोठा शब्द होता.

"दाजी, मळलाय की ह्यो. सुतकातलं घरात काय ठेवू ने. आक्काला..."

"ठाऊक हाय मला. मी बी परीटच हाय, सिद्धू. समदं ने. त्यो ऱ्हाऊ दे."

सिद्धू त्याच्याकडे पाहतच राहिला. मग गाठोडे खांद्यावर टाकून तो घाटाकडे गेला. कोंडीबाने चौकट उतरवली, नवा तुकडा ताणून बसवला आणि बिब्बा तापवून जुन्याच्या कोपऱ्यात खूण घातली. वद्य पंचमीचे पाच ठिपके, त्यांखाली रेघ. शेपटी घालताना वारा कुठला होता ते त्याला आठवावे लागले नाही.

उन्हे उतरली तसा आकाराम आला. सायकल लांबच ठेवून, टोपी काढून तो दाराशी उभा राहिला. कोंडीबाने तुकडा त्याच्यापुढे पाटावर ठेवला.

"तात्या, आज ऱ्हाऊ द्या. एक दीस न्हाई मोजला तर काय..."

"दीस चुकवायचा न्हाई म्हणालं हुतं सायेब."

आकाराम खाली बसला. त्याने वही उघडली, पुठ्ठा काढला. तुकडा काळा झाला होता. हंगामातल्या कुठल्याही तुकड्यापेक्षा काळा. हा एक आकडा पुण्याला गेला तर कुणाला हसता येणार नाही, हे दोघांनाही एकाच वेळी कळले. आकारामने भिंग डोळ्याला लावले.

"वाईच थांबा," कोंडीबा म्हणाला. "आधी ल्ह्या. ह्यातलं समदं कारखान्याचं न्हाई. थोडं आमच्या घरचं हाय. तसं वहीत ल्ह्या, मग मोजा."

आकारामने तसे लिहिले. मग तो भिंग घेऊन वाकला, पण वाऱ्याने तुकड्याच्या कडा उचलल्या जात होत्या आणि पुठ्ठा जागेवर राहीना. कोंडीबाने पुढे सरकून तुकड्याचे चारही कोपरे बोटांनी धरले, आणि मोजणी संपेपर्यंत ते हलू दिले नाहीत.